न पाहिलेला तळवा

दिवसभर मी लोकांचे पाय हातात घेतो. कर्वेनगरच्या माझ्या दवाखान्यात पाऊल दुमडलेला पेशंट आला की मी आधी तळवा बघतो. तिथे निळसर डाग असला तर पावलाच्या मधला सांधा निखळल्याची शंका घ्यायची आणि एक्स-रे उभं करून काढायचा. आडवं झोपवून काढला तर हाडं जागच्या जागी दिसू शकतात.

बायको शाळेत शिकवते. गतिरोधकावर तिची स्कूटर कलंडली, सावरायला तिने पाय टेकवला आणि पाऊल दुमडलं. मी घरी आलो तेव्हा ती कॉटवर बसली होती, शेजारी आई भाजी निवडत होती. मी पायाला हात घातला तसा तिने तो साडीखाली ओढून घेतला.

"अहो, काय हे! आई बसल्यात."

"नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावू नये रे," आई म्हणाली. "तिला पाप लागतं."

मी डॉक्टर आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आणखी एक पाय बघायची ताकद उरली नव्हती. वरूनच सूज पाहिली, दुसऱ्या दिवशी झोपवून एक्स-रे काढला, क्रेप बँडेज बांधलं. थोड्या दिवसांनी ती शाळेत गेली, तासन्‌तास फळ्यापाशी उभी राहू लागली.

दुखतंय म्हणाली की मी पेपरातूनच म्हणायचो, "लिगामेंट आहे, वेळ लागतो."

"पेशंटनाही इतक्या लांबूनच सांगता का?"

एका संध्याकाळी ती भिंत धरत आत आली आणि मला तिच्या पावलाची कमान बसलेली दिसली. सकाळी दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढला. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमध्ये स्पष्ट फट होती.

ऑपरेशन करणाऱ्या मित्राने विचारलं, "आधी कोणी पाहिलं होतं?"

"घरगुती उपाय चालू होते," ती म्हणाली.

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो. "तळवा पाहिला नव्हता."

 उशीर झालाय, सांधा स्क्रू घालून कायमचा जोडावा लागेल, एवढंच तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"वर्गात उभं राहता येईल का? तुम्ही सांगा."

"येईल," मी म्हणालो. "पूर्ण तास नाही."