हिनोसावाचा दोर

तोकुझो गेले ते ऐन दोराच्या दिवसांत, देवळाच्या दारावर दर वर्षी नवा दोर चढवतात तेव्हा. माणूस जन्मभर हट्टी, मरतानाही दुसऱ्याची सोय बघितली नाही. नव्या पेंढ्याचा दोर वळून ओसरीवर कापडाखाली तयार, आणि हे आतल्या खोलीत कायमचे आडवे. "दोर चढव. तूच चढव," एवढं सुनेला, चिगुसाला, बजावलं, आणि मरून तिलाच सुतकात टाकलं. काय म्हणावं?

सुतकातल्या माणसानं पन्नास दिवस देवाच्या कमानीखालून जायचं नाही, हा नियम साऱ्या डोंगरात तोकुझोंइतका कडक कुणी पाळला नसेल. चिगुसाचा नवरा लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला, त्या वर्षी जत्रेचा ढोल तिनं कमानीबाहेर उभं राहून ऐकला होता. मामंजींनीच उभं केलं होतं. तेव्हा ती त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहत होती. आता तेच गेले, आणि ती पुन्हा कमानीबाहेर.

त्यांना शेवटचं तयार केलं तेही तिनंच. मेलेल्याचं सगळं उलटं करायचं. आंघोळीला आधी गार पाणी घ्यायचं, मग त्यात गरम ओतायचं. किमोनोचा पदर रोजच्या उलट बाजूनं घ्यायचा. पांघरुणाचं पायाकडचं टोक गळ्याशी. त्यांच्या हातांना जन्मभराच्या पेंढ्याचा वास होता, तो काही धुऊन निघाला नाही. मग खाली शहरात नेऊन जाळलं. सुंभ जळला, पण पीळ तिच्या घरातच राहिला.

हिनोसावाच्या वस्तीत आता चुली पेटत त्या दोनच. एक चिगुसाची, दुसरी किनूआजीची. बाकीची घरं उभी आहेत, त्यांत माकडं नांदतात. किनूआजी नव्वदीची, कमरेत पार वाकलेली, देवळाच्या पायऱ्या तिला कधीच सुटल्या. तिचा मुलगा शहरात. बर्फ पडायच्या आधी दर वर्षी न्यायला बघायचा, आणि आजीचं दर वर्षी एकच उत्तर. "देवाला दोर चढतोय तोवर वस्ती आहे, आणि वस्ती आहे तोवर मी आहे. ज्या वर्षी चढणार नाही त्या वर्षी ये गाडी घेऊन."

म्हणजे दोर चढला नाही तर आजी जाणार. मग चार महिने बर्फात चिगुसा एकटी. तिला त्याची भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

तिनं पुजाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे वीसेक देवळं, आणि खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वसंतापर्यंत पायऱ्या बंद. तो म्हणाला, "शुद्धी करून घे आणि जा आत. हल्ली चालतं."

"मामंजींना चाललं नसतं."

"अगं, ते गेले आता."

"म्हणून तर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चिगुसाचं पोट चालायचं ते पाहुण्यांवर. कुठून कुठून लोक येत. ती त्यांना देवदाराच्या रानातून फिरवी, देऊळ दाखवी, आणि शेवटी तोकुझोंच्या ओसरीवर बसवून दोर वळायला शिकवी. म्हातारा गुरकावायचा, पाहुण्यांना तेच आवडायचं. सगळ्यांना तिनं नको म्हणून कळवलं होतं, एका ऑस्ट्रेलियातल्या जोडप्याला तेवढं कळवायचं राहून गेलं. किनूआजीला हे कळलं तशी ती मुळा चिरता चिरता म्हणाली, "बरंच झालं की. पैसे मोजून राबायला येतात म्हणे. मग लाव कामाला. त्यांना कुठं सुतक आहे?"

डेस्मंड चांगलाच उंच होता, त्याची बायको फिलिपा बोलघेवडी. "दोरवाले आजोबा कुठायत?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"आज घरी नाहीत," चिगुसा म्हणाली. खरं सांगायला तिला त्यांची भाषा पुरली नसती, आणि रडू आलं असतं.

डेस्मंडनं दोर खांद्यावर घेतला. एका टोकाला मांडीएवढा जाड, दुसरीकडे निमुळता होत गेलेला. कमानीशी चिगुसा थांबली. गुडघा दुखतो म्हणाली. "तुम्ही जा आत. मी इथून सांगते. आणि एक, गाठी नीट बघून मारा. एकदा चढलेला दोर सोडत नाहीत. उतरवला तर जाळायलाच लागतो."

दोघांनी देवळाच्या दाराशी शिडी लावली. "जाड टोक उजवीकडे," चिगुसानं ओरडून सांगितलं. डेस्मंडला ऐकू गेलं नाही. मग तो बिचारा अदबीनं पूर्ण तिच्याकडे वळला, देवाकडे पाठ करून, कानाला हात लावून. तिनं पुन्हा सांगितलं. तो मान डोलावून आपल्या उजव्या हाताच्या खांबाकडे गेला. फिलिपा मध्ये उभी राहून दोर तोलून धरत होती, तिच्या फुगीर कोटाआड काय चाललंय ते कमानीबाहेरून दिसेना.

गाठी मारून झाल्यावर ती बाजूला सरली, तेव्हा दिसलं. जाड टोक डावीकडे.

उतरवून जाळला तर दुसरा वळणार कोण? फिलिपा डोळे मिटून, हात जोडून उभी होती. मग वळून तिनं विचारलं, "बरोबर झालं ना?"

"छान झालं," चिगुसा म्हणाली.

पाहुण्यांना वाटेला लावून ती किनूआजीकडे गेली. आजी शेगडीवर टाकलेल्या पांघरुणात पाय घालून बसली होती.

"चढला?"

"चढला."

"हं. मग पोराला सांगते, यंदाही इथंच."

चिगुसानं चहा ओतला. इथंच गप्प बसता आलं असतं. आजी काही पायऱ्या चढून बघायला जाणार नव्हती. पण मागच्या हिवाळ्यात आजी दाराशी घसरून पडली होती, आणि चिगुसानं आणि मामंजींनी मिळून बर्फ उपसला तेव्हा कुठं तिच्यापर्यंत पोचता आलं होतं. यंदा फावडं धरायला एकटी चिगुसा. आपल्याला एकटं वाटू नये म्हणून हिला ठेवून घ्यायचं, हे तिच्या जिवाला लागलं.

"आजी, उलटा चढलाय."

आजीनं कप खाली ठेवला. "जाड टोक डावीकडे?"

"हो."

"तोकुझोला निजवलंस ते तसंच ना? उलट्या पदरानं?"

"हो."

आजीनं पांघरुणातून पाय बाहेर काढले. मग म्हणाली, "तर झालं. गावालाही शेवटची आंघोळ घातलीस, पोरी." आणि कप बाजूला सारत, "फोन आण इकडं. पोराला म्हणावं, गाडी घेऊन ये."

चिगुसानं फोन आणला. आजीला आकडे दिसत नसत, म्हणून नंबरही तिनंच लावला.