ताईच्या मेंदूतले पांढरे डाग

दादा, मी नागपूर सोडलं त्या दुपारी कुसुमताई स्टेशनच्या पुलावर पडली. मला पोचवायला ती सासरहून, पारशिवनीहून, एसटीने आली होती. तू तिला उठवलं नाहीस. माझी ट्रंक धरून मोठ्याने म्हणालास, "आज तरी नाटक नको करू वं." लोक वळून पाहू लागले. मी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला भौतिकशास्त्र शिकायला निघाले होते, गाडी चुकेल या धास्तीत होते, आणि मीही गप्प राहिले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. तुला तर नाहीच.

त्याच्या आदल्या वर्षी तिचा एक डोळा अंधारला आणि महिन्याभराने आपोआप साफ झाला. मग पाय बधिर झाले, तेही सुधारले. बाबा म्हणायचे, "काल तं चालून राहिली होती, आज काहून नाही चालत?" डॉक्टरांनी हिस्टेरिया लिहून दिला. मी इकडे आल्यावर नवऱ्याने तिला वेडी ठरवून काडीमोड घेतला, त्यांच्या लहानग्या मुलीला, मीनाला, स्वतःकडे ठेवून घेतलं. कोर्टात तिच्याविरुद्ध साक्ष दिलीस तू, सख्ख्या भावाने.

इथे मी रेडिएटरवर मोजे वाळवायला शिकले, मराठीत बोलायला कोणी नाही याची सवय केली. ऐंशी सालानंतर एका हॉस्पिटलात एमआरआयचं नवं मशीन आलं, त्यावर कामाला लागले. एका रुग्णाच्या मेंदूत पांढरे डाग पाहिले, त्याचाही डोळा असाच जाऊन परत आला होता हे ऐकलं, आणि ताईच डोळ्यांसमोर आली. मेंदूतल्या तंतूंवर वायरच्या रबरासारखं वेष्टण असतं, मायलिन. त्या रुग्णाच्या आजारात ते जागोजागी झडतं. शरीर थोडंफार पुन्हा चढवतं, मग डोळा उघडतो, पाय चालू लागतो. तुम्ही ज्याला सोंग म्हणालात, ती शरीराने केलेली दुरुस्ती होती.

मी ताईला इकडे आणलं. मशीनमध्ये झोपवलं. काही वेळाने स्पीकरवर तिचा आवाज आला, "दिसते का वं काही?"

"दिसते," मी म्हटलं.

"मंग मी खोटी नव्हती."

रडले मी. ती नाही.

कुठलं मायलिन कायमचं गेलं आणि कुठलं परत येतंय, हे आमच्या मशीनला अजून नीट सांगता येत नाही. मी त्याच्याच मागे आहे. पण आजार खरा होता, एवढं सांगायला ताईच्या मेंदूची ती फिल्म पुरे. तिची प्रत तुला पाठवली. लिहिलं, मीनाला नेऊन दाखव, तिची आई वेडी नव्हती. तुझं उत्तर दोन ओळींचं आलं: जुनं उकरू नको. दोघी घरी केव्हा येता?

मीनाला मी आता थेट पाठवलंय सगळं. सोबत ताईचं पत्र आहे. हात थरथरतो, एक पान लिहायला तिला चार दिवस लागले.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती ओट्याला टेकून वांगी चिरत होती. चिरायची थांबली नाही.

"कोणाच्या घरी," ती म्हणाली, "विचार त्याले."