डावा फ्लोट

छोटी विमानं बनवणाऱ्या आमच्या क्लबच्या काचेच्या कपाटात रानडेकाकांनी बनवलेलं सी-प्लेन आहे. बोटीसारख्या पोटाचं, वीतभर लांब. पाण्यावर तोल सांभाळायला पंखाखाली जे फ्लोट असतात, त्यातला डावा त्यांनी किंचित वाकडा चिकटवला होता.

आम्ही दर रविवारी सकाळी जमणारी सहा माणसं. दुसऱ्याच्या मॉडेलवर भिंग धरून चुका काढणं हा आमचा लाडका रिवाज. त्या दिवशी भिंग माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "काका, फ्लोट अर्धा मिलिमीटर बाहेर गेलाय. घाई केलीत." सगळे हसले. काकाही हसले. "हो, घाई झाली खरी," म्हणाले आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

पुढच्या रविवारपासून ते आलेच नाहीत. दोनेक महिन्यांनी मंडईत त्यांची मुलगी भेटली. "बाबांचा हात थरथरतो ना, वर्ष होऊन गेलं. तुम्हाला माहीतच असेल."

नव्हतं माहीत. वर्षभर शेजारी बसून आम्ही त्यांच्या विमानांचा एकेक सांधा तपासला. तो चिकटवणारा हात कुणी पाहिला नाही. आणि आमच्या बारीक नजरेचा आम्हाला केवढा तोरा! विमानाच्या ज्या पोटाला जन्मात पाणी लागायचं नाही, त्यावर खाऱ्या पाण्याचे डाग रंगवण्यात आमचे रविवार गेले.

आज कपाट उघडलं, तर फ्लोट सरळ. आमच्यातल्याच कुणीतरी तो हळुवारपणे सोडवून नीट बसवला होता. मी सवयीनं भिंग लावलं. एकही चूक सापडली नाही.