दिवे लावले की चढणारा काटा

आदिलाबाद जिल्हा फुटला आणि आम्ही मुधोळवाले निर्मल जिल्ह्यात गेलो, त्याच वर्षी कळा सुरू झालेल्या बायकोला घेऊन मी निर्मलला निघालो होतो. घासाघिशीत मी कुणाला हार जात नाही, पण ही जुनी गाडी नात्याच्या भिडेने मावसभावाकडून घेतली होती.

जंगलात अंधारलं. दिवे लावताच तापमानाचा काटा लाल खुणेवर उडाला. घाबरून बंद केले, पुन्हा लावले. वळणावर वेग कमी केला, तर इंजिन थरथरून बंद पडायला लागलं. बाळंतपण आता रस्त्यावरच होणार! मी मावसभावाला शिव्या घालू लागलो.

"अवो, काऊन बोंबलून राह्यले?" बायको कण्हत म्हणाली. "दिवे लावले का काटा चढते, बंद केले का उतरते. पाणी का दिवे पाहून तापते?"

खरंच की, दोष पाण्यात नाही, तारांत असणार. मी बॉनेट उघडलं. इंजिनापासून बॉडीला गेलेली, सगळी वीज परत नेणारी अर्थिंगची तार सैल झाली होती. पान्याने आवळली, तशी थरथर थांबली आणि काटा खाली आला.

निर्मलला दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. नव्या जिल्ह्याचा दवाखाना. डॉक्टर नाहीत म्हणून परत पाठवलं तर? तिला आत घेईपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही.