रॉकेट नव्हे, डबी

सुरतेची गाडी दोंडाईच्याच्या फलाटावर लागली तेव्हा आप्पा माझ्याशी नाही, माझ्या ट्रंकेशी बोलत होते. "हिनी कडी ढिली शे," म्हणत त्यांनी खिशातून तांब्याच्या तारेचा तुकडा काढला आणि कडीला तीन वेढे दिले. माझे वडील जळालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, तार कायम खिशात. माय स्टेशनवर आलीच नाही. एकोणीस वर्षांची पोर डिप्लोमा करून कारखान्यात जाते, तेही परमुलखात, याचा तिला राग होता. गाडी हलल्यावर आप्पा खिडकीशी चार पावलं चालले आणि म्हणाले, "तठे जाईसन कोनले भिऊ नको. पन आधी काम पाहाय, मंग बोल."

त्यानंतर मी सुरतेतल्या भेस्तानला आत्याकडे उतरले, आणि आता माझं स्वतःचं घरही तिथंच आहे. गावाकडून फोन येतात ते मात्र अलीकडे वेगळ्याच सुरात. "वर्षा, तू रॉकेट बनवतेस म्हणे?" गावाकडच्या तुम्हां सगळ्यांना एकदाच लिहून कळवते: मी रॉकेट बनवत नाही. मी तळहातावर मावेल एवढी अॅल्युमिनियमची डबी तपासते. ती डबी एका छोट्या उपग्रहात बसते. आणि ती डबी बनवण्यापेक्षा ती बनवणाऱ्या माणसांना एका खोलीत बसवणं जास्त अवघड आहे. सुरतेला आलेल्या आपल्या बाकीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत दिनेशभाईंची शेड आहे. मी आले तेव्हा तिथं लूमचे, म्हणजे कापडाच्या मागाचे, सुटे भाग बनायचे. शेडमध्ये मी एकटी बाई, आणि माझं गुजराती म्हणजे 'केम छो' एवढंच. दिनेशभाई तेव्हा दर गोष्टीवर म्हणायचे, "थई जशे, बेन." होऊन जाईल. पहिली दोन वर्षं मला वाटायचं हा धीर आहे. मग कळलं, याचा अर्थ कोणीही काहीही केलेलं नाही. आज मी तिथल्या तपासणीची प्रमुख आहे. माझ्या सहीशिवाय माल बाहेर पडत नाही. दिनेशभाईंचं 'थई जशे' तेवढं अजून तसंच आहे.

उपग्रह बनवणारी एक नवी कंपनी बाहेरून सुरतेत आली, तिला अशा डब्या हव्या होत्या. डबी कोरायची आमच्याकडे. तिला सोन्याचा मुलामा द्यायचा रमणभाईंनी. त्यांच्या घरी तीन पिढ्या जरीला मुलामा देतात. आणि वरून गुंडाळायचं काचेच्या धाग्याचं कापड विणायचं भेस्तानच्या एका लूमवर. सगळं एका शहरात. कोणीतरी त्याला 'स्पेस क्लस्टर' असं नाव दिलं आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी बोलता येतं आणि इंजिनियरांचे इंग्रजी रिपोर्ट वाचता येतात, एवढ्यावर मला 'समन्वयक' करून टाकलं. पगार तोच.

बैठका भरपूर झाल्या. खमण यायचं, चहा यायचा, पडद्यावर पृथ्वीचं निळं चित्र यायचं. सगळे म्हणायचे, "साथे मळीने करीशुं," सगळे मिळून करू. फोटो व्हायचा. आणि दुसऱ्या दिवशी मी रमणभाईंकडे गेले की ते मुलाम्याच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे, जणू मी त्यांच्या आजोबांचं गुपित पळवायला आले आहे. दिनेशभाई तर ड्रॉइंगची घडी अशी घालायचे की समोरच्याला अर्धीच डबी दिसावी. अर्ध्या डबीवर मुलामा कसा द्यायचा, हे मी त्यांना तीन वेळा विचारलं.

या सगळ्यात गुमान काम करणारा एकच माणूस होता, दगडूमामा. सख्खे मामा नव्हेत, शिंदखेड्याकडचे, त्या भेस्तानच्या लूमवर कामाला. तीस वर्षं लूम लावून देणारे मास्तर. काचेचा धागा साध्या लूमवर टिकत नाही, तुटतो, अंगाला खाजही सुटते. मामांनी तीन महिने खपून लूमचे सगळे कोपरे घासून गुळगुळीत केले, वेग कमी केला, आणि एक दिवस अखंड कापड उतरवलं. त्या कापडाचं कौतुक बैठकीत झालं. मामांना बैठकीत कोणी बोलावलं नव्हतं.

पहिला माल गेला आणि नापास होऊन परत आला. निर्वात पेटीत तापवल्यावर डबीतून कसली तरी वाफ निघाली आणि समोरच्या काचेवर तेलकट थर बसला, असं रिपोर्टात होतं. अंतराळात असा थर कॅमेऱ्यावर बसला तर उपग्रह आंधळा. बैठकीत दहा मिनिटांत निकाल लागला. लूम म्हणजे तेल, लूम म्हणजे धाग्याला लावायची कांजी, तेव्हा दोष कापडाचा. लूमच्या शेठनी तर त्याच संध्याकाळी मामांना काढून टाकलं. मी त्या बैठकीत बसले होते आणि गप्प राहिले.

रविवारी मामा माझ्या घरी आले. चप्पल काढून उंबऱ्याशीच बसले, आत येईनात.

"पोरी, काम गयं त्यानं काही नही," ते म्हणाले. "माले इतलंच सांग, मन्हा कपडानी चूक शे का?"

"मामा, माले माहीत नही," मी म्हटलं.

"मंग त्यास्ले कशी माहीत?"

आप्पांनी सांगितलं होतं, आधी काम पाहा आणि मग बोल. मी तर न पाहताच गप्प बसले होते.

सोमवारी मी रमणभाईंकडे गेले. त्यांच्याकडे माल सुकवायची भट्टी आहे, तिची गरमी हवी तेवढी धरून ठेवता येते. मी सरळ म्हटलं, "रमणभाई, मला तुमचा मुलामा बघायचा नाही. भट्टी पाहिजे, एक दिवस." त्यांनी पहिल्यांदाच ते दार उघडलं. आत गुपित असं काहीच नव्हतं. टाक्या, तारा आणि गणपतीचं एक कॅलेंडर.

मी दोन स्टीलचे डबे घेतले. एकात नुसतं कापड, दुसऱ्यात नुसती डबी. दोन्हींवर स्वच्छ पुसलेली काच ठेवली आणि भट्टीत तापवले. दुपारी काढले. कापडावरची काच जशीच्या तशी. डबीवरच्या काचेवर बोट फिरवलं तर बोट तेलकट झालं.

रमणभाईंनीही बोट फिरवलं. "आ तो तमारुं छे," ते हळूच म्हणाले. हे तर तुमचं आहे, मशीनचं तेल.

शेडमध्ये परत येऊन मी माझीच वही उघडली. तीन आठवड्यांपूर्वी कटिंगचं तेल बदललं होतं. जुनं मिळेना म्हणून दुसरं आणलं, जरा जास्त चिकट. डबीच्या स्क्रूच्या बारीक भोकांत ते राहून गेलं होतं. तेल बदलल्याचं आम्ही रमणभाईंना कळवलं नव्हतं. खाली सही माझी.

काच रमणभाईंनी पाहिली होती, पण तेही कुठं बोलले नव्हते; तेल बदलल्याचं तर कोणालाच माहीत नव्हतं. वही माझ्या कपाटात होती. गप्प बसले असते तर लोक कापडालाच दोष देत राहिले असते आणि आमच्या शेडचं नाव चांगलं राहिलं असतं. घरी येऊन मी मुलीवर उगाच ओरडले. ती म्हणाली, "मम्मी, शुं थयुं?" काय झालं ते तिलाही सांगितलं नाही.

पुढच्या बैठकीत मी दोन्ही काचा टेबलावर ठेवल्या आणि वही उघडून सगळ्यांसमोर वाचली. माझी सहीसुद्धा दाखवली.

दिनेशभाईंचा चेहरा उतरला. "वर्षाबेन, पहेलां मने कहेवुं हतुं ने!" आधी मला सांगायचं ना!

"आधी सांगितलं असतं तर आज तुम्ही मला बोलू दिलं असतं?"

मला वाटलं, संपली आपली नोकरी. तेवढ्यात रमणभाई खाकरले. म्हणाले, मुलाम्याआधी धुवायचा वेळ आम्हीपण कमी केला होता, माल लवकर द्यायचा म्हणून. त्यांनी पूर्ण वेळ धुतलं असतं तर कदाचित तेल निघालंही असतं. मी कपाळावर हात मारला. इतके महिने आम्ही निळी पृथ्वी बघत बसलो होतो आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं की आज आपण काय बदललं!

त्या दिवशी कागदावर एकच ओळ लिहिली गेली: तेल, धागा, पाणी, वेळ, काहीही बदललं तर बाकीच्या दोघांना त्याच दिवशी कळवायचं. फोटो नाही काढला कोणी. माझ्या मते क्लस्टर त्या दिवशी सुरू झालं.

दिनेशभाई आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. नवव्या दिवशी ड्रॉइंग घेऊन आले, पूर्ण उघडं, आणि म्हणाले, "आ रमणभाईने मोकली दो." रमणभाईंना पाठवून द्या. माफी म्हणायची तर तीच.

राहिले दगडूमामा. ते एव्हाना दुसरीकडे साड्यांच्या लूमवर लागले होते. नवीन मास्तरला काचेचा धागा काही जमेना, कारण लूम कसा लावायचा हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, ते मामांच्या बोटांत होतं. लूमचे शेठ आणि मी त्यांना बोलवायला गेलो. शेठनी पगार वाढवायची गोष्ट काढली. मामा लूमवरून नजर न काढता माझ्याशी बोलले.

"येस मी. पन बैठक व्हई तव्हय माले बलावा. बोलतस तुम्ही आनि काम करस मी."

मी गुजरातीत सांगितलं, मामा येतील, पण बैठकीला बोलवा म्हणतात. शेठ म्हणाले, "मीटिंगमां?" जणू मामांनी त्यांचं घर मागितलं होतं.

"हो, मीटिंगमध्ये," मी म्हटलं. "नाहीतर तुम्ही विणा."

मामा बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून आले. तासभर ऐकत राहिले. शेवटी डबी हातात घेऊन तिच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, हा कोपरा धारदार आहे, कापड इथंच कापलं जाणार. जरा गोल करा. मी भाषांतर केलं. कंपनीच्या इंजिनियर मुलीने मान वर केली, पुन्हा ड्रॉइंग पाहिलं, आणि लिहून घेतलं. दुसरा माल गोल कोपऱ्यांचा गेला आणि पास झाला.

त्यानंतर अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी माहेरी गेले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच, झोक्यावरून उठून मी फोनवर किती चिडले होते ते. दुसऱ्याच दिवशी दिनेशभाईंचा फोन आला. रमणभाईंनी धुवायचं पाणी बदललं आणि दोन दिवसांनी सांगितलं, त्यावर चिडून मामा बैठकीतून उठून गेले, आणि शेठ म्हणतात मी काय करू. अंगणात उभी राहून मी आधी दिनेशभाईंना गुजरातीत झापलं, मग रमणभाईंना, मग मामांना अहिराणीत. "मामा, तुम्ही खुर्ची मांगी ना? मंग बसा तिनावर!" आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार.

माय ओट्यावर पापड वाळत घालत होती. ती सुरतेला एकदाच आली आहे, ती माणसं तिने पाहिलेली नाहीत. मी फोन ठेवल्यावर पापड उलटवत ती म्हणाली,

"घरना लोकेससंगे भांडतस ना, तशी भांडी राहिनी तू."

मला रागच आला. म्हटलं, कसलं घर, डोकं खाल्लंय त्यांनी माझं. माय पुढच्या पापडाकडे वळली. मग माझ्या लक्षात आलं की मी आले त्या दिवसापासून इथं कोणाशीच भांडले नव्हते. भावाने विचारलं ते खाल्लं, वहिनीने म्हटलं तिथं झोपले, पाहुण्यासारखी सगळ्याला बरं बरं म्हणत राहिले.

फोन पुन्हा वाजायला लागला. मायने एक पापड माझ्या हातात दिला, अर्धा ओला, लहानपणी द्यायची तसा, आणि म्हणाली, "फोन उचल. त्या लोके वाट पाही राहिनात."