बाळूभाऊजी गेले, पण डाव वाचला

आमच्या बुद्धिबळ मंडळातली सगळ्यांत लोकप्रिय सभासद मी होते, कारण माझ्याशी खेळलेला माणूस घरी जाताना हमखास शीळ घालत जायचा.

मंडळ म्हणजे धाराशिवातल्या एका वाचनालयाच्या मागची खोली. तिथं दर रविवारी दुपारी आम्ही काही हौशी माणसं जमतो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळं मी आत पाऊल टाकलं तेव्हा सगळे जरा सावरून बसले होते. गणिताच्या बाई म्हणजे पुढच्या दहा खेळ्या डोक्यात असणार, असा त्यांचा समज झाला. पहिल्याच डावात मी वजीर घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला आणि सगळे पुन्हा टेकून बसले.

वर्षभर मी नेमानं हरले. पुस्तकं वाचून हरले, मोबाईलवर व्हिडिओ बघून हरले, उपास धरून हरले (त्या दिवशी जरा लवकर हरले, भूक लागली होती). शेवटी मंडळाचे अध्यक्ष बिराजदार काका एकदा जवळ आले. निवृत्त तलाठी, बोलायला अतिशय मऊ माणूस. म्हणाले, "ताई, यंदाच्या वार्षिक स्पर्धेत तुम्ही पंच म्हणून बसता का? नियम तुम्हाला चांगले पाठ आहेत."

मला आधी अभिमानच वाटला. रिक्षात बसल्यावर अर्थ कळला.

घरी आले ती ठरवूनच. स्पर्धेत खेळायचं, आणि निदान बिराजदार काकांना घाम फोडायचा. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माकणीला अंगणात घसरल्या. पायाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून त्यांना आमच्याकडं धाराशिवला आणलं. माकणीत आत्याबाई ओट्यावर बसून अख्ख्या आळीवर लक्ष ठेवायच्या. इथं त्यांच्या वाट्याला एक पलंग, एक खिडकी आणि एक टीव्ही आला. टीव्ही त्यांनी दोन दिवसांत बंद करायला लावला. "त्या बाया झोपताना बी नथ काढत न्हाईत. बघून माझंच नाक दुखायलंय," म्हणाल्या.

मग एका दुपारी त्यांनी मला पटापुढं बसलेलं पाहिलं. माझी पांढरी बाजू, आणि मोबाईल सांगेल तशी मीच हलवायची ती काळी. मोबाईल मी सगळ्यांत सोप्या पातळीवर ठेवला होता. तरी तोच जिंकायचा.

"सुरेखा, हिकडं आण ते," आत्याबाई म्हणाल्या. "म्या बी बघते."

पलंगाशेजारी स्टूल ओढून पट मांडला. कोण कसं चालतं ते सांगितलं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पांढऱ्या राजावर बोट ठेवलं.

"ह्यो तुझा सासरा. समदे ह्याच्यापायी मरत्यात आन् ह्यो एक घर सरकतो."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. वजीर अर्थातच त्या स्वतः. उंट म्हणजे जावईबापू, "कधी सरळ घरला आलेत का?" एक हत्ती माझे यजमान, दुसरा हत्ती धाकटे दीर बाळूभाऊजी. ते माकणीला शेती बघतात आणि देहानंही त्या हुद्द्याला शोभतात. आणि घोडा म्हणजे आत्याबाईंची धाकटी बहीण, जळकोटची कौसामावशी. "मधल्या समद्यांच्या डोक्यावरनं उडी मारती."

आता नियम आत्याबाईंचा. कुणालाही हलवण्याआधी त्यांना सांगायचं, याला कुठं पाठवतेय आणि कशासाठी. "घरातलं माणूस हाय. उगंच कसं धाडायचं?"

सुरुवातीला मला हसू आलं. मग लक्षात आलं, की निम्म्या खेळ्यांना माझ्याकडं कारणच नाही. "आत्याबाई, जावईबापूंना इथं नेते." "कशाला?" "तसंच." "तसंच कशाला? बसू दे की घरी." आणि जावईबापू घरी बसले, की माझा डाव चक्क जास्त वेळ टिकायचा. माझ्या वर्गातली मुलं उत्तर बरोबर आणून पायऱ्या लिहीत नाहीत, तेव्हा मी त्यांना किती बोलते. इथं पायऱ्याही नव्हत्या आणि उत्तरही नव्हतं.

असे काही आठवडे गेले आणि एका शनिवारी तो डाव झाला. शाळेला सुट्टी होती, यजमान बाजारात गेले होते. माझा एक हत्ती, म्हणजे बाळूभाऊजी, डावभर कोपऱ्यात अडकून पडला होता. एकदम मला दिसलं, की त्याला काळ्या राजासमोरच्या प्याद्यावर घातला, तर राजा त्याला खाणार, बाहेर येणार, आणि मागून वजीर येऊन मात करणार. आयुष्यात पहिल्यांदाच मी मोहरा विसरून घालवत नव्हते, ठरवून घालवत होते.

"आत्याबाई, बाळूभाऊजींना द्यावं लागेल."

आत्याबाईंनी मोठा श्वास घेतला. "नको गं. पोटचं लेकरू हाय."

"त्यांच्यामुळं सगळं घर वाचतंय."

"मग धाड," म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

मात झाली. मोबाईल हरला. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी साखर जास्त घालून चहा केला. तेवढ्या वेळात आत्याबाईंना जळकोटहून कौसामावशीचा फोन आला. मावशीला ऐकू कमी येतं, आणि त्यात रेंज नव्हती. मला आतून फक्त आत्याबाईंचा आवाज ऐकू येत होता. "व्हय गं, बाळू गेला... आत्ताच... सुरेखानंच घालवला... न्हाय गं, रडू कशाला, चांगलंच झालं की." फोन कट झाला. मी चहात बिस्किट बुडवलं.

दुपारी जेवणं व्हायच्या आत दारात जीप थांबली. बघते तर कौसामावशी, तिची सून, तिचे दोन मुलगे, आणि मागं जावईबापूसुद्धा. (त्या दिवशी मात्र ते सरळ आमच्या घरी आले होते.) मला वाटलं, आत्याबाईंचा पाय बघायला आलेत. मी तोंडभर हसून म्हणाले, "या या. किती दिवसांनी सगळे एकत्र आलात. फार छान वाटलं."

मावशी माझ्याकडं अशी बघत राहिली, की मी पदर नीट आहे का ते तपासलं. सगळे आत गेले आणि मी पाणी आणायला वळले. मागून मावशीचा रडवेला आवाज आला.

"अक्का, कसं गं झालं?"

"काय सांगू कौसे," आत्याबाई म्हणाल्या. "सुरेखानंच पुढं धाडला. म्या आधी नको म्हणलं. पण लई दिस कोपऱ्यात अडकून पडला व्हता, काय उपेग न्हवता त्याचा. गेला ते बरं झालं."

खोलीतलं रडणं एकदम थांबलं. मी तांब्या घेऊन दारात उभी. जावईबापू माझ्यापासून एक पाऊल मागं सरकले.

एवढ्यात शेजारच्या जोशीकाकू मागच्या दारानं आल्या. हातात पिठल्याचं पातेलं. जीपमधून उतरलेल्या बायकांचे चेहरे त्यांनी पाहिले होते, आणि दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारधर्म पाळायला त्या धावल्या होत्या. "भात मागून पाठवते," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "धीर धरा." त्याच वेळी यजमान मेथीच्या जुड्या घेऊन फाटकातून आत आले. मावशीच्या थोरल्या मुलानं पुढं होऊन त्यांना मिठी मारली आणि पिशवी हातातून काढून घेतली. "दादा, आता तुम्हालाच सगळ्यांकडं बघायचंय." यजमान कोर्टात लिपिक आहेत, पूर्ण कागद हातात आल्याशिवाय ते कशावरच मत देत नाहीत. "बरं," म्हणाले आणि गुपचूप सतरंजीवर बसले.

मला हळूहळू उलगडायला लागलं होतं. "अहो, ते बाळूभाऊजी नाहीत, तो हत्ती आहे," असं मी कसंबसं म्हणाले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मावशीनं सुनेला खूण केली, की हिच्या डोक्यावर पाणी मारा.

आणि मग दारात मोटारसायकल थांबली. बाळूभाऊजी, अंगावर शेतातले कपडे, मागं त्यांची बायको, दोघंही ढसढसा रडत. झालं होतं असं. बाळूच्या बायकोला असली बातमी फोनवर कशी सांगायची, म्हणून मावशीनं माकणीतल्या शेजारणीला नुसतं "तिला धाराशिवला पाठव, वाईट झालंय" एवढंच सांगितलं होतं. जाऊबाईंना वाटलं, आत्याबाईच गेल्या. त्या धावत रानात गेल्या, भाऊजींना उठवलं आणि दोघं निघाले.

"आये..." म्हणत बाळूभाऊजी आत शिरले.

कौसामावशी होती तिथं मटकन खाली बसली. तिची सून भिंतीला चिकटली. भाऊजींनी या कुणाकडं न बघता पलंग गाठला आणि मध्येच थांबले.

"आये, तू हायस?"

"म्या कुठं जाणार?" आत्याबाई म्हणाल्या. "पायाला पलस्तर हाय."

मग सगळ्यांनी पुन्हा एकदा रडून घेतलं. या वेळी कारण चांगलं होतं, त्यामुळं जास्त रडले. मावशी भाऊजींचे गाल दोन्ही हातांनी चाचपत होती. मी हात जोडून सगळी हकीगत सांगितली आणि आता मला चांगलं बोलणं बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

पहिल्यांदा हसल्या त्या जाऊबाई. मग हसणं थांबेचना. पिठलं-भात आला, मेथी निवडली गेली, भाकऱ्या थापल्या, आणि जेवताना सगळ्यांना आपण पटावर कोण ते जाणून घ्यायचं होतं. मावशीला घोडा असल्याचं कळलं. "उडी मारती म्हणून व्हय?" ती म्हणाली आणि उरलेलं जेवण गप्प राहून जेवली.

हात धुऊन बाळूभाऊजी पटाशी येऊन बसले. "वहिनी, मला मारून काय मिळवलं ते दाखवा तरी."

कोण कसं चालतं ते सांगून मी मोठ्या ऐटीत डाव परत मांडला. सगळे पलंगाभोवती गोळा झाले. हा हत्ती दिला, हा राजा बाहेर आला, वजिरानं शह दिला, राजा आणखी एक घर सरकला, झाली मात. "आन् राजा सरकायच्या बदली हे काळं घोडं मधी येऊन उभं ऱ्हायलं तर?" भाऊजींनी सहज विचारलं. मी पटाकडं पाहिलं. घोडं मध्ये येऊन उभं राहू शकत होतं. मात होत नव्हती. मोबाईलच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

"म्हंजे म्या फुकट मेलो?"

"हो भाऊजी."

ती दुपार मी कधी विसरणार नाही. बाळूभाऊजींना कसं वाचवायचं, यावर अख्खं खानदान संध्याकाळपर्यंत भांडत होतं. मी हात पुढं केला, की कुणीतरी मनगट धरायचं. "थांब. आधी त्यो काय करंल ते बघ." पुस्तकांत हे वाक्य मी कितीदा वाचलं होतं, मनगट धरून कुणी सांगितलं नव्हतं. निघताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, पुन्यांदा मारायचं असलं तर मारा, पण नीट बघून मारा." ज्या माणसाला मी सकाळी मारलं, त्यानं संध्याकाळी माझ्यासाठी शेतातल्या शेंगांचं पोतं पाठवायचं कबूल केलं. अशी माणसं मला मिळाली, याचा हिशेब मला कुठल्याच गणितात मांडता येत नाही.

स्पर्धेत मी खेळले. बिराजदार काकांशी गाठ पडली, तेव्हा मला पुन्हा हत्ती देण्याची तशीच जागा दिसली. हात पुढं गेलाच होता. मनगटावर कुणीतरी धरल्यासारखं वाटलं. समोरचा काय करेल ते पाहिलं आणि हात मागं घेतला. एक प्यादं मुकाट्यानं पुढं ढकललं. मग आणखी एक. असा रटाळ खेळ काकांना सोसवेना. ते चिडून चाल करून आले आणि फसले. डाव सोडताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "ताई, मी तुम्हाला पंच व्हा म्हणालो, ते मनावर घेऊ नका. पण हे शिकलात कुणाकडून?"

"सासरकडून," मी म्हणाले. त्यांना ते तक्रारीसारखं वाटलं असावं. त्यांनी पुढं विचारलं नाही.

स्पर्धेत मी मधल्या कुठल्यातरी नंबरावर आले. माझ्यासाठी ते डोंगरमाथ्यावर पोचण्यासारखं होतं. प्लास्टर निघालं आणि आत्याबाई माकणीला परतल्या. जाताना पटावरून हात फिरवून म्हणाल्या, "आता कुणाला सांगून खेळशील गं?" मी त्यांच्या पाया पडले. डोळे पुसायला मला पदर पुरला नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मला परवाच्या रविवारी मिळालं. समोर एक नवे गृहस्थ बसले होते. डाव रंगात आला होता, मी खाली मान घालून विचारात बुडाले होते, आणि ते मात्र माझी प्रत्येक चाल आधीच ओळखत होते. एवढा जबरदस्त खेळाडू मंडळात आला कुठून, तेच मला कळेना. शेवटी त्यांनीच घसा खाकरला. "ताई, मघापासून तुम्ही कुणाला कुठं पाठवताय आणि कशासाठी, ते सगळं मोठ्यानं सांगताय. ऐकायला छान वाटतंय म्हणून मी बोललो नाही. फक्त त्या जावईबापूंचं राहिलं. त्यांना कुठं पाठवायचा विचार आहे?"

आणि मी सवयीनं तेही सांगून टाकलं.