तापल्या खंजिरीचा वास

काल शेजारच्या वहिनींनी भजनाच्या सरावाआधी खंजिरी गॅसवर शेकली. तापल्या चामड्याचा वास भिंतीपलीकडून आला आणि मी मनानं थेट भाऊजींच्या जुन्या जीपमध्ये जाऊन बसलो.

मला भजन आवडायचं, पण चहासारखं. एक कप, बस. भाऊजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, मात्र एका भजनी मंडळाचं वेडच होतं. मंडळ आधी परतवाड्याला गायलं, मग अकोटला, मग भातकुलीला, आणि भाऊजींनी मला जीपमध्ये कोंबून त्यांच्यामागे फिरवलं. तिन्ही गावांत भजन तेच. दोन ओळी झाल्या की खंजिऱ्या ज्या सुटायच्या, त्या तासभर परत यायच्या नाहीत. त्यात हवा दमट. चामडं ढिलं पडलं की सगळे कागद पेटवून खंजिऱ्या शेकत बसायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू!

अकोटला मी वैतागलो. "भाऊजी, हेच तं काल आयकलं ना आपण?"

"कालचं अलगच होतं ना बाप्पा! तुले कान आहेत का भजे?"

भातकुलीला खंजिरी ऐन रंगात आली आणि पाहुण्यांच्या भाषणासाठी भजन थांबवलं. भर मांडवात मी उठून ओरडलो, "काहून थांबवता? आत्ता कुठं लागून राह्यलं होतं!"

भाऊजी परतताना वाटभर नुसते हसत राहिले. डोकं फिरलं माझं.

काल वहिनींचं भजन चहा उकळायच्या आत संपलं. "एवढंच?" मी एकटाच भिंतीवर खेकसलो.

आणि आता हसायला भाऊजीही नाहीत.